पीएच.डी.च्याही वरची पदवी

सुरतच्या उधना-मगदल्ला रस्त्यावर दक्षिण गुजरातचे विद्यापीठ आहे. १९६५ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००४ मध्ये त्याला सुरतचेच सुपुत्र कवी नर्मद यांचे नाव मिळाले. ‘वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ’ असे छापलेले प्रमाणपत्र घेऊन दरवर्षी हजारो तरुण बाहेर पडतात. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ, त्या नर्मदाशंकर लालशंकर दवे यांच्याजवळ मात्र कुठलीही पदवी नव्हती. १८३३ मध्ये सुरतेत जन्मलेले नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकायला गेले, पण शिक्षण अर्धवटच राहिले. १८५८ मध्ये त्यांनी शिक्षकाची नोकरीही सोडली आणि यापुढे लेखणीवरच जगायचे ठरवले. मग वर्षानुवर्षे खपून त्यांनी एकट्याच्या बळावर गुजराती भाषेचा कोश रचला. सुमारे २५ हजार शब्दांचा ‘नर्मकोश’ १८७३ मध्ये पूर्ण छापून झाला.

त्याच सुरतेत त्यांच्याही आधी एक मराठी माणूस शिक्षक होता. दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये त्यांचे मराठीचे व्याकरण प्रसिद्ध झाले होते. पुढे मराठीच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दादोबांनी सुरतेत ‘मानवधर्मसभा’ स्थापन केली. पश्चिम भारतातल्या धर्मसुधारणेच्या इतिहासात या सभेचे नाव अगदी सुरुवातीला येते. त्या वेळी मुंबई विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. ते निघाले १८५७ मध्ये.

एकाचा कोश, दुसऱ्याचे व्याकरण. दोन्ही कामे गाइडविना, वर्गाविना, परीक्षेविना झाली आणि लोकांनी ती वापरून पारखली. अशी कामे विद्यापीठाच्या चौकटीत कशी बसवायची? माणूस कोणत्या वर्गात बसला, कोणता पेपर दिला हे न विचारता त्याने आयुष्यभरात काय उभे केले एवढेच पाहून पदवी देता येईल का? येते. त्यासाठी पीएच.डी.च्याही वर एक पायरी आहे. तिथे डी.एस्सी., डी.लिट. आणि एलएल.डी. या पदव्या असतात. विज्ञानासाठी पहिली, भाषा-साहित्य-मानव्यविद्यांसाठी दुसरी, कायद्यासाठी तिसरी. ब्रिटिश परंपरेत त्यांना ‘उच्च डॉक्टरेट’ या एका गटात धरतात.

मराठी वाचकाला ही नावे अनोळखी नाहीत. अडचण अशी की ‘अमुक यांना डी.लिट. मिळाली’ असे वाचले की आपल्या डोळ्यांसमोर पदवीदान समारंभ, झगा, शाल आणि राज्यपालांचा हात येतो. ती असते मानद डी.लिट. तेच नाव, तीच अक्षरे. पण संशोधन तपासून घेऊन दिलेली डी.लिट. ही अगदी वेगळी गोष्ट आहे. हा फरक नीट समजून घ्यायचा तर इतिहासात थोडे मागे जावे लागते, कारण या पदव्या पीएच.डी.च्या वर चढल्या त्या एका ऐतिहासिक वळणामुळे.

पीएच.डी. ही मूळची जर्मन विद्यापीठांची देणगी. एकोणिसाव्या शतकात तिथे प्रबंध लिहून डॉक्टर होण्याची पद्धत रुजली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिली पीएच.डी. दिली. इंग्लंडने मात्र ही पदवी बराच काळ घेतलीच नाही. लंडन विद्यापीठाने १८६० मध्ये डी.एस्सी. सुरू केली आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या संशोधकांसाठी तीच सर्वांत मोठी मजल ठरली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८८७ मध्ये एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली. जगदीशचंद्र बोस यांना विद्युतलहरींवरच्या संशोधनासाठी १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली. या दोघांनी पीएच.डी. कधी केलीच नाही, कारण त्यांच्या काळात ब्रिटनमध्ये ती मिळतच नसे.

पहिल्या महायुद्धाने चित्र बदलले. संशोधनासाठी जर्मनीला जाणारे अमेरिकन आणि वसाहतींतले विद्यार्थी आपल्याकडे वळवावेत, असे ब्रिटिश विद्यापीठांना वाटू लागले. ऑक्सफर्डने १९१७ मध्ये डी.फिल. आणली, १९२० च्या सुमारास लंडनसह इतर विद्यापीठांनीही पीएच.डी. स्वीकारली. मग जुन्या डी.एस्सी.चे आणि डी.लिट.चे काय करायचे? त्या रद्द झाल्या नाहीत. त्यांची पायरी वाढली. पीएच.डी. ही संशोधनाची पहिली कसोटी ठरली, आणि ज्याच्या संशोधनाने त्या विषयात कायमची भर घातली त्याच्यासाठी या जुन्या पदव्या राहिल्या.

या बदलाच्या ऐन काळात एक मराठी विद्यार्थी लंडनमध्ये डी.एस्सी.साठी झटत होता. भीमराव रामजी आंबेडकर.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव नोंदवले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढच्याच वर्षी परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली आणि मग रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध हाती घेतला.

विषय कोरडा वाटेल, पण त्या काळी तो हिंदुस्थानातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या खिशाशी जोडलेला होता. रुपया चांदीचा, ब्रिटनचा पौंड सोन्याचा. चांदीचा भाव घसरला की रुपयाची विदेशी किंमत घसरे. सरकारने १८९३ मध्ये लोकांची चांदी टांकसाळीत घेऊन तिचे रुपये पाडून देणे बंद केले आणि रुपया कृत्रिम दराने पौंडाला जोडला. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात या सोने-विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. तिशी नुकतीच ओलांडलेल्या आंबेडकरांनी नेमके उलट मांडले. या व्यवस्थेत रुपयांची संख्या सरकारच्या मर्जीवर राहते, रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहत नाही आणि तिची झळ गरिबाला बसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. चलन काढण्याला कायद्याचीच मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

१९२३ च्या मार्चपर्यंत प्रबंध परीक्षकांसमोर पोहोचला होता. त्यांनी तो आहे त्या रूपात स्वीकारला नाही. परीक्षकांना त्यातली ब्रिटिश धोरणावरची टीका खटकली, असे पुढे अनेकदा लिहिले गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दफ्तरातल्या आंबेडकरांच्या विद्यार्थी-फाइलमध्ये मात्र अशा कारणाची नोंद नाही. पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले आणि इथे बसून प्रबंधाची फेरमांडणी केली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा लंडनला सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये मंजूर झाला. डिसेंबरमध्ये पी. एस. किंग आणि सन या लंडनच्या प्रकाशकांनी तो पुस्तकरूपात आणला. प्रस्तावना प्रा. एडविन कॅनन यांची होती, आणि आपल्या विद्यार्थ्याच्या काही निष्कर्षांशी आपण सहमत नसल्याचे त्यांनी त्या प्रस्तावनेतच मोकळेपणाने नोंदवले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२५ मध्ये, हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालच्या चलन आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली.

या कहाणीतला सर्वांत मोलाचा दिवस पदवी मिळाल्याचा नव्हे, प्रबंध परत आल्याचा आहे. ज्या विद्यापीठाकडून तो परत येऊ शकत होता, त्याच विद्यापीठाच्या मंजुरीला अर्थ होता. डी.एस्सी. ही मेहरबानी नव्हती. जाणकारांनी वाचलेली, अडवलेली आणि शेवटी मान्य केलेली विद्वत्ता होती.

बाबासाहेबांच्या नावापुढच्या पदव्यांची रांग पाहिली तर सगळे प्रकार एकाच माणसात भेटतात. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना प्रबंध छापून दाखल केल्यावर १९२७ मध्ये रीतसर मिळाली. लंडनची डी.एस्सी. १९२३ ची. कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी दिलेली एलएल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने जानेवारी १९५३ मध्ये दिलेली डी.लिट. या मात्र मानद होत्या. त्या राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या कार्यासाठी होत्या. पहिल्या दोन संशोधनाने मिळवलेल्या, पुढच्या दोन कृतज्ञतेने दिलेल्या. चारही थोर, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जयंतीच्या फलकांवर त्या एका ओळीत लिहिल्या जातात आणि १९२३ च्या त्या वर्षाची झुंज त्यात हरवते.

लंडनमध्ये पीएच.डी. रुळल्यावर डी.एस्सी. खऱ्या अर्थाने दुसरी, वरची पायरी झाली. त्याचे सुरेख उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथे १९११ मध्ये झाला. संख्याशास्त्र शिकायला ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये गेले, जिथे त्या वेळी एगॉन पिअर्सन, रोनाल्ड फिशर, जर्झी नेमन असे तो विषय घडवणारेच वावरत होते. सुखात्मे यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एस्सी. मिळवली. सगळे शेत न मोजता काही मोजक्या तुकड्यांवरून पिकाचा अंदाज कसा बांधायचा, ते तुकडे कसे निवडायचे आणि अंदाजातली चूक किती असेल हे आधीच कसे सांगायचे, या नमुना-निवडीच्या शास्त्रात त्यांचे काम होते. भारतात परतल्यावर ही विद्या शेतीच्या सर्वेक्षणात आली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा सांख्यिकी विभाग त्यांनी दीर्घकाळ सांभाळला, आणि जगात किती माणसे अर्धपोटी आहेत हे मोजण्याच्या पद्धतीवर त्यांची छाप पडली.

दुसरे उदाहरण सर्वांच्या ओळखीच्या नावाचे. जयंत विष्णू नारळीकर, जन्म कोल्हापूर, १९३८. केंब्रिजमधून त्यांची पीएच.डी. १९६३ मध्ये झाली. फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत १९६४ मध्ये जगापुढे आला. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आणि मग १९७६ मध्ये, पीएच.डी.नंतर १३ वर्षांनी, केंब्रिजने त्यांना एस्सी.डी. दिली. केंब्रिजमध्ये डी.एस्सी.ला एस्सी.डी. म्हणतात. त्यांच्या आधी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९४२ मध्ये आणि संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांना १९६५ मध्ये केंब्रिजनेच ही पदवी दिली होती. ‘डॉ. नारळीकर’ म्हणताना बहुतेकांच्या मनात पीएच.डी. असते, त्यांच्याकडे तिच्यावरचीही पदवी होती हे थोड्यांना ठाऊक असते.

ही पदवी मिळते तरी कशी? पीएच.डी.ची वाट आता सुरतच्याही विद्यार्थ्याला पाठ असते. प्रवेश परीक्षा, कोर्स वर्क, सिनॉप्सिस, गाइडच्या सह्या, सहामाही अहवाल, प्रबंध, व्हायवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३ वर्षे आणि साधारण ६ वर्षांची मर्यादा. उच्च डॉक्टरेटमध्ये यातले जवळजवळ काहीच नसते. शिकवणारा गाइड नसतो, वर्ग नसतो, मुदत नसते. काम आधीच पूर्ण झालेले असते. विद्यापीठाला फक्त ते तोलायचे असते.

जुन्या ब्रिटिश पद्धतीत अर्ज बहुधा त्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी किंवा तिथला अध्यापकच करू शकतो, आणि तोही पहिल्या पदवीनंतर बरीच वर्षे लोटल्यावर. अर्जासोबत आपल्या प्रसिद्ध संशोधनाचा गठ्ठा जोडायचा : पुस्तके, शोधनिबंध, संपादित ग्रंथ. त्याच्या जोडीला एक निवेदन द्यावे लागते. या सगळ्या कामांमधला धागा कोणता, त्याने विषय कुठे पुढे गेला, आणि एकाहून अधिक लेखक असलेल्या निबंधात आपला वाटा नेमका किती, हे त्यात सांगायचे असते. हा शेवटचा मुद्दा आजच्या विज्ञानात फार कळीचा आहे. एका निबंधावर दहा-वीस नावे असतात. पदवी मात्र एकालाच द्यायची असते. आधीच्या पदवीसाठी वापरलेले संशोधन पुन्हा मोजले जाऊ नये म्हणून तेही वेगळे काढून दाखवावे लागते.

मग विद्यापीठाची समिती ते प्राथमिक नजरेतून पाहते. विचार करण्याजोगे आहे असे वाटले तरच ते बाहेरच्या जाणकारांकडे जाते. अर्जदाराला ते कोण हे सांगितले जात नाही. हे काम स्वतंत्र आहे का, ते वर्षानुवर्षे सातत्याने झाले आहे का, आणि त्या विषयातले इतर लोक त्यावर पुढे इमारत रचत आहेत का, हे त्यांना लिहून द्यायचे असते. अहवाल चांगले आले तर पदवी. नाही तर नकार, आणि काही वर्षांनी पुन्हा प्रयत्न करण्याची मोकळीक. पीएच.डी.ला ‘हा माणूस स्वतंत्रपणे संशोधन करू शकतो’ एवढे सिद्ध करावे लागते. इथे ‘त्याने केलेच आहे, आणि ते टिकले आहे’ हे सिद्ध करावे लागते.

भारतीय विद्यापीठांनी ही परंपरा आपापल्या पद्धतीने घेतली. मेघनाद साहा यांना कलकत्ता विद्यापीठाने १९१९ मध्ये डी.एस्सी. दिली. त्याच विद्यापीठाने १९४४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ असिमा चटर्जी यांना डी.एस्सी. दिली, भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. काही विद्यापीठे पीएच.डी.नंतर काही वर्षे गेल्यावर नवा प्रबंध मागतात, काही छापून आलेले संशोधन पाहतात. प्रत्येकाचे अध्यादेश वेगळे, म्हणून एका विद्यापीठाची डी.लिट. आणि दुसऱ्याची डी.लिट. यांत तराजू सारखा राहतोच असे नाही.

या सगळ्यात गुजरात-महाराष्ट्राचा एक समान धागाही आहे. १९४९ मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठ स्थापन होईपर्यंत सुरतेची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने १९१८ मध्ये काढलेल्या महाविद्यालयातला सुरतकर मुलगा आणि पुण्याचा मुलगा एकाच विद्यापीठाची परीक्षा देत होते. त्यामुळे पदव्यांच्या ज्या कल्पना, जे मान-मरातब मुंबईत रुजले तेच तापीकाठीही रुजले. आज सुरतेत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि त्या घरांतून पीएच.डी.पर्यंत पोहोचलेली मुले-मुलीही आहेत. त्यांच्यापैकी कुणाला पुढची पायरी माहीत असते, असे क्वचितच घडते.

मानद पदवीबद्दल मात्र सर्वांना माहीत असते, आणि तिच्याबद्दलही आदराने बोलायला हवे. मानद पदवीला अर्ज नसतो. विद्यापीठच नाव सुचवते, त्याच्या अधिकार मंडळांत ते मंजूर होते आणि कुलपतींच्या संमतीने पदवी दिली जाते. गुजरातमध्ये २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर जुन्या सिनेट-सिंडिकेटची जागा व्यवस्थापन मंडळाने घेतली, तसे हे निर्णय घेणारे हातही बदलले. चांगल्या हातांत मानद पदवी फार मोठे काम करते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची विद्यापीठीय पदवी गणितातली बी.ए. होती. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे काम कुठल्या प्रबंधात मावले असते? बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये, पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये त्यांना डी.लिट. दिली आणि १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एलएल.डी. दिली. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

कधी कधी मानद पदवी विद्यापीठाच्या नियमांच्या तोकडेपणावरचा उतारा असते. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे एम.ए., एलएल.एम. होते, पीएच.डी. नव्हते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी १९३० ते १९६२ या काळात पूर्ण केले, पृष्ठे सहा हजारांहून अधिक. वकिली सांभाळून एकट्याने केलेले हे काम जगातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या उच्च डॉक्टरेटच्या कसोटीवर उतरले असते. त्यांना डी.लिट. मिळाली ती मानद. त्याही आधी, १८८५ मध्ये, जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना मानद पीएच.डी. देऊन त्यांच्या संस्कृत संशोधनाचा गौरव केला. परदेशातल्या पंडितांनी वाचून ओळखलेली ती विद्वत्ता होती. नाव मानद असले तरी मागे खरे वाचन होते.

गोंधळ तेव्हा होतो जेव्हा वाचनाची जागा ओळखीपाळखी घेते. आता तर त्याहून वाईट प्रकार सर्रास दिसतो. कुठली तरी संस्था, तिच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘युनिव्हर्सिटी’ हे शब्द, एखाद्या हॉटेलातला समारंभ, भाड्याने आणलेले झगे आणि ठरलेली रक्कम भरली की ‘मानद डॉक्टरेट’. सुरतेतले उद्योजक असोत की नाशिकचे समाजसेवक, अशा निमंत्रणांचे संदेश अनेकांच्या फोनवर येतात. भारताचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. कलम २३ प्रमाणे अशी नसलेली संस्था स्वतःला विद्यापीठ म्हणवू शकत नाही. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो. झगा चढवण्याआधी ती यादी पाहिली तरी पुष्कळ प्रश्न सुटतात.

राज्यघटनेनेही विद्येच्या पदव्यांना वेगळे स्थान दिले आहे. अनुच्छेद १८ ने सरकारने किताब देण्याची जुनी प्रथा बंद केली. रावबहादुर, सर ही बिरुदे गेली. अपवाद फक्त दोनच ठेवले : सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान. ज्या घटनाकारांनी हा अपवाद ठेवला त्यांना विद्येची पदवी ही इतर बिरुदांहून वेगळी वाटत होती, कारण तिच्यामागे तपासलेले ज्ञान असते असे त्यांनी धरले होते. मानद पदवी मिळालेल्याने नावापुढे ‘डॉ.’ लावू नये, हा अनेक देशांत पाळला जाणारा संकेतही याच विचारातून आला आहे.

पीएच.डी.च्या वर दुसरा टप्पा असणे ही केवळ ब्रिटिश कल्पना नाही. जर्मनीत प्रबंधानंतर ‘हाबिलिटेशन’ नावाची आणखी एक कसोटी असते. ती पार केल्यावर विद्यापीठात स्वतंत्रपणे शिकवण्याचा हक्क मिळतो. सोव्हिएत रशियाने १९३४ मध्ये दोन पायऱ्या पक्क्या केल्या : आधी ‘कँडिडेट’, आणि बऱ्याच वर्षांच्या कामानंतर ‘डॉक्टर ऑफ सायन्सेस’. फ्रान्समध्ये कित्येक वर्षे खपून लिहायचा भलामोठा ‘राज्य डॉक्टरेट’ प्रबंध असे. १९८४ मध्ये तो रद्द करून त्याजागी संशोधन-मार्गदर्शनाच्या पात्रतेची परीक्षा आली. पद्धती वेगळ्या असल्या तरी सगळ्यांना एकच गोष्ट वाटली. पंचविशी-तिशीत लिहिलेल्या एका प्रबंधावरून विद्वानाचे पूर्ण मोजमाप होत नाही.

ब्रिटनमध्ये आता ही पदवी मागणारे कमी झाले आहेत आणि काही विद्यापीठांनी ती बंद किंवा मर्यादित केली आहे. मोठ्या वैज्ञानिकाला आता रॉयल सोसायटीची फेलोशिप, आंतरराष्ट्रीय पारितोषिके आणि संदर्भांच्या आकड्यांमधून मान्यता मिळते. तिकडे कदाचित हे चालून जाईल. भारतीय भाषांच्या बाबतीत मात्र तसे नाही. मराठी किंवा गुजरातीत ग्रंथांमागून ग्रंथ लिहिणाऱ्या अभ्यासकाचे काम परदेशी निर्देशांकात येत नाही. कुठल्या तरी तालुक्याच्या शाळेत शिकवत असताना बोलीभाषेचा कोश करणारा, देवळांतले शिलालेख वाचून छापणारा, आदिवासी गाणी जमवणारा माणूस पीएच.डी.च्या अटींत बसत नाही आणि फेलोशिपच्या नजरेतही येत नाही. त्याच्यासाठी छापील कामावर मिळणारी डी.लिट. हा विद्यापीठाकडे असलेला सर्वांत न्याय्य दरवाजा आहे.

तो नीट उघडायचा तर विद्यापीठांना फार मोठा खर्च करावा लागणार नाही. पीएच.डी. नसलेल्या पण भरीव ग्रंथसंपदा असलेल्या अभ्यासकालाही अर्ज करता येईल अशी तरतूद अध्यादेशात हवी. त्या भाषेत वाचू शकणारे, राज्याबाहेरचे निदान दोन परीक्षक हवेत. प्रमाणपत्रावर आणि वार्षिक अहवालात ‘संशोधनाधारित’ आणि ‘मानद’ असा भेद ठळक अक्षरांत छापायला हवा. आणि ज्या ग्रंथांवर पदवी दिली त्यांची यादी, परीक्षकांच्या निष्कर्षाच्या सारांशासह, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि संकेतस्थळावर कुणालाही वाचता येईल अशी ठेवायला हवी. ही यादी सुरतेत ठेवली काय किंवा पुण्यात ठेवली काय, ती वाचून पुढचा अभ्यासक आपल्या कामाची तुलना करू शकेल, आणि त्याचे काम परत आले तर ते का परत आले हेही त्याला कळेल.